एकशे चौदा नंबरची गाय

बारामतीच्या मॅडमनी मला फसवलं नाही. मी त्यांना फसवलं. आणि पणदऱ्यातल्या एका म्हातारीला, जिला सगळी आळी काकी म्हणते, मी तिच्याच अंगणात चार माणसांसमोर खोटं पाडलं. ती खरं बोलत होती. पुढं तीन महिने मी ही गोष्ट उलटी सांगत फिरलो. लग्नाच्या मांडवात सांगितली, चहाच्या गाड्यावर सांगितली, एकदा तर दहाव्याला गेलो तिथंही सांगितली. मला सांगता चांगलं येतं, त्यामुळं लोकांना पटायचं. आता सुलट सांगतो.

पणदऱ्यात माझं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालतात, मी ते तपासून, थंड करून पुढं डेअरीला पाठवतो. दहावीनंतर शिकलो नाही. सायकलला दोन किटल्या अडकवून सुरुवात केली, आणि जे काही उभं केलं ते घासाघीस करून केलं. कुणी पहिली किंमत सांगितली की मला तो माझा अपमान वाटतो. समोरचा मला वेडा समजला, असं डोक्यात जातं आणि आवाज चढतो. पुष्कळ ठिकाणी हा आवाज उपयोगी पडला. म्हणून तो सगळीकडं वापरायची सवय लागली.

केंद्रावर आधी वह्या होत्या. एकाच माणसाचं नाव सहा वह्यांत सहा तऱ्हांनी लिहिलेलं. कुठं आडनाव आधी, कुठं नुसतं 'मळ्यातले', कुठं बापाचं नाव. डेअरीनं सांगितलं की आता गायींच्या तपासण्यांसह सगळी माहिती कॉम्प्युटरवर पाहिजे. म्हणून मी मॅडमकडं गेलो. एमआयडीसीच्या कडेला, मोटर रिवायंडिंगच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. कारखान्याची पाळी सुटली की खालून मोटरसायकलींचा असा आवाज यायचा की बोलणं थांबवावं लागायचं. त्या आधी कॉलेजात शिकवायच्या, मग कॉम्प्युटरचं स्वतःचं काम सुरू केलं. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील.

त्यांनी कॉम्प्युटर उघडलाच नाही. एका कागदावर पाच खोकी काढली. एकात लिहिलं शेतकरी, दुसऱ्यात गाय, तिसऱ्यात मालकी, चौथ्यात तपासणी, पाचव्यात दूध. मग खोक्याखोक्यांमध्ये रेघा ओढल्या. म्हणाल्या, हे पाच तक्ते. शेतकऱ्याचं नाव पहिल्या तक्त्यात एकदाच लिहायचं आणि त्याला एक नंबर द्यायचा. बाकी कुठंही नाव लिहायचं नाही, फक्त तो नंबर. म्हणजे नाव दुरुस्त करायचं झालं तर एका जागी केलं की सगळीकडं झालं. गायीचंही तसंच. प्रत्येक गायीला तिचा स्वतःचा नंबर, दोन गायींना एक नंबर कधीच नाही. एक गाय गेली म्हणून तिचा नंबर दुसरीला द्यायचा नाही, तो तिच्याबरोबर संपला.

मला हे समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणून सुटायची सोय मी ठेवत नाही. पण माझं लक्ष खोक्यांच्या संख्येवर होतं. मी विचारलं, किंमत कशावर ठरते? त्या सरळ मनाच्या. म्हणाल्या, किती तक्ते, किती जोडण्या, त्यावर कामाचे दिवस ठरतात. झालं. मी पेन घेतलं आणि मिरचीची पोती उतरवून ठेवावीत तशी खोकी उतरवायला लागलो. तपासणीला वेगळं खोकं कशाला? शेतकऱ्याच्याच ओळीत शेवटी एक रकाना करा. गायीला वेगळं खोकं कशाला? शेतकऱ्याच्याच ओळीत गाय एक, गाय दोन, गाय तीन असे रकाने करा.

"आणि चौथी गाय असली तर?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, चौथी बायकोच्या नावावर घालील.

त्या हसल्या नाहीत. मालकीच्या खोक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हे एक तरी राहू द्या. गाय आज ह्याच्याकडं असते, उद्या त्याच्याकडं. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुणाकडं होती, हे गायीच्या ओळीत मावत नाही आणि माणसाच्या ओळीतही मावत नाही. ते दोघांच्या मधलं आहे, त्याला स्वतःची जागा लागते.

ते खोकं तर मी जागच्या जागी खोडलं. म्हणालो, गाय कुणाची हे आम्हाला लांबून शिंगं बघून कळतं. आणि वर आमिष दाखवलं, की एवढं कमी करा, आमच्या पट्ट्यातली अजून सहा केंद्रं तुमच्याकडं आणतो. एकही आणायचं माझ्या मनात नव्हतं. ते वाक्य मी ट्रकवाल्याला म्हणतो, बर्फवाल्याला म्हणतो, सगळ्यांना म्हणतो. पाचाची दोन खोकी झाली. खाली उतरताना मी खूश होतो.

गायींना नंबर द्यायची वेळ आली तेव्हा दुसरा शहाणपणा केला. सरकारी पिवळा बिल्ला काही गायींच्या कानात होता, पण त्यावरचा आकडा लांबलचक. कितीतरी गायींचा तो कुंपणात अडकून तुटलेला. ज्या गायींना नव्हता त्यांच्या घरच्या बायका कान टोचू देईनात. मी बारामतीतून प्लॅस्टिकचे गोल बिल्ले करून आणले, त्यावर सुटसुटीत नंबर, आणि गायीच्या गळ्यातल्या दाव्याला तारेनं बांधून दिले. दोन दिवसांत सगळे गोठे उरकले. काकीच्या गायीला आला एकशे चौदा.

आमच्याकडं गाय विकली तरी दावं देत नाहीत. घेणारा स्वतःचा दोर घेऊन येतो, तो गायीला बांधतो, मग घरची बाई आपलं दावं सोडून घेते आणि खुंट्याला अडकवते. गाय गेली तरी गोठ्याची बरकत घरात राहावी, असं त्यामागं आहे. पुढची गाय आली की तिला तेच दावं. माझ्या आईनं हे केलं, माझी बायको करते. हे ठाऊक असलेल्या माणसानं गायीचा नंबर दाव्याला बांधला.

काकीकडं एकच गाय. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या एका गायीवर चालायचं. त्या काळीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. मग तिचं दूधही कमी झालं. तेवढ्यात डेअरीनं सगळ्या गायींची रक्ततपासणी लावली, कारण गायीला गाभ टाकायला लावणारा एक सांसर्गिक रोग आहे, आणि दूध न उकळता पिणाऱ्याला, व्याल्यावर पडायची वार हातानं काढणाऱ्याला माणसातही तो येतो. ताप येतो, जातो, परत येतो, सांधे धरतात. गुरांच्या डॉक्टरांनी रक्त घेऊन नळीवर बिल्ल्यावरचा नंबर लिहिला. चारच दिवसांनी इंदापूरचा हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, काकीच्या दारात आला. काकीनं त्याला गाभ टाकल्याचं लपवलं नाही. त्यानं काळी नेली आणि वर पैसे घेऊन एक पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली, तांबडी गाय दिली.

पंधरा दिवसांनी निकाल आले. कॉम्प्युटरवर काकीच्या ओळीत एकशे चौदासमोर लाल खूण.

मी तसाच गाडीला किक मारून तिच्या अंगणात गेलो. डेअरी माझं सगळं संकलन बंद करील, ही भीती होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. दूध घालायचं बंद, गाय बाजूला बांध, असं मी ओरडून सांगितलं. शेजारचे दोघं, तिची सून, पाणी भरायला आलेली एक बाई, सगळे उभे.

काकी म्हणाली, "आरं, ही ती गाय न्हाय. ती काळी हुती. ही तांबडी हाय, डोळं हायती का तुला?"

मी म्हणालो, बिल्ला एकशे चौदाच आहे. कॉम्प्युटर तुझ्या-माझ्यासारखा खोटं बोलत नाही.

"बिल्ला तूच बांधाय लावलास. मी केंद्रावर येऊन सांगिटलं, जुनी दिली, नवी आणली. तू म्हणलास, त्योच बिल्ला राहू दे, नवा नंबर घालाय जागा न्हाय."

मी म्हणालो, मी असं काही बोललो नाही.

आणि बोलता बोलताच मला आठवलं. गर्दीची वेळ होती, ती रांगेत किटली घेऊन उभी होती, आणि मी मान वर न करता तसंच म्हणालो होतो. कारण खरंच जागा नव्हती. तिच्या ओळीत गाय एकच्या रकान्यात एकशे चौदा होता, तो खोडला असता तर मागच्या दुधाच्या नोंदी कुणाच्या, हे यंत्राला सांगता आलं नसतं, आणि गाय दोनच्या रकान्यात नवा घातला असता तर तिच्याकडं दोन गायी दिसल्या असत्या. मालकी बदलली हे लिहायचं जे खोकं होतं ते मीच पेनानं उडवलं होतं. मला हे सगळं तिच्या अंगणात उभा असतानाच समजलं. तरी मी दुसऱ्यांदा म्हणालो, नाही बोललो. दुसऱ्यांदा जास्त मोठ्यानं.

ह्या काकीनं मला सायकलवर किटल्या नेताना पाहिलंय, पहिल्या उन्हाळ्यात माझ्या किटलीला ओलं फडकं गुंडाळून दिलंय. शेजारच्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग गायीकडं, आणि पाणी भरणारी बाई हंडा तसाच घेऊन मागं सरली.

त्यानंतर काकीचं दूध गावात कुणी घेतलं नाही. दुसऱ्या केंद्रानंही नाही, माझा शब्द तिथं माझ्याआधी पोचला होता. गाय पिळावी तर लागतेच. रोज सकाळी ती धार काढायची आणि रस्त्याकडेच्या उकिरड्यावर ओतायची. माझ्या केंद्राकडं येणारी माणसं तिथूनच जायची. मी पण जायचो. पांढऱ्या दुधावर माश्या बसलेल्या असायच्या. सून पोराला घेऊन माहेरी गेली, लोक म्हणाले रोगाच्या भीतीनं. हौदावर तांबडीला कुणी पाणी पाजू देईना.

मला एका शब्दानं हे थांबवता आलं असतं. मी तो बोललो नाही. उलट सांगायला लागलो की बारामतीच्या बाईनं यंत्रच खोटं बनवलंय, माझे पैसे खाल्ले, सगळ्या गायींचा घोळ घातला. म्हणजे काकीही खोटी पडत नाही आणि मीही, असं मला वाटलं. केंद्रवाल्यांना तर मी स्वतः फोन करून सांगितलं, बारामतीच्या त्या बाईकडं जाऊ नका. ज्या सहा जणांना मॅडमकडं नेतो म्हणालो होतो, त्यांनाच.

मग एक दिवस मॅडमना जाब विचारायला गेलो. खरं सांगायचं तर चूक शोधायला गेलो होतो. त्यांच्या कामात एक तरी चूक सापडली असती तर मी सुटलो असतो. खोलीत शिरल्या शिरल्या आवाज चढवला. त्यांनी माझं पूर्ण होऊ दिलं. मग कपाटातून फाईल काढली आणि तो कागद माझ्यासमोर ठेवला. पाच खोकी, त्यातल्या तीन खोक्यांवर माझ्या पेनाच्या रेघा, खाली माझी सही. सही केल्याचं मी विसरलो होतो.

"हा नंबर कशाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"गायीचा."

"गायीच्या अंगावर कुठं आहे?"

"दाव्याला."

"गाय विकताना दावं देता?"

खाली पाळी सुटली. मोटरसायकली सुरू झाल्या आणि बराच वेळ काही बोलता येईना. मला त्या आवाजाचा आधार वाटला.

आवाज कमी झाल्यावर त्या म्हणाल्या, "मग तो दाव्याचा नंबर आहे. तुमच्या तक्त्यात एकही गाय नाही. नुसती दावी आहेत."

मी विचारलं, आता काय करायचं. त्यांनी सांगितलं ते कामाचं होतं, त्यात टोमणा नव्हता. तांबडीचं रक्त पुन्हा तपासा, तीन आठवड्यांनी अजून एकदा. गायीचा नंबर कानातल्या सरकारी बिल्ल्याचाच घ्या, लांब असला तरी. मालकी वेगळी लिहा, कधीपासून कधीपर्यंत, आणि जुनी ओळ खोडू नका, फक्त बंद करा, कारण खोडलेलं परत विचारता येत नाही. तपासणी गायीला जोडा, माणसाला नाही. आणि पाचही तक्ते त्या करून देतील, पूर्ण पैशात. पण आधी त्यांच्यासमोर बसून सहाही केंद्रवाल्यांना मी फोन करायचा.

मी केले. चौथ्यानं विचारलं, "आरं, मंग मागच्या टायमाला काय पिऊन बोलत हुतास?" मॅडमना ते ऐकू आलं. सहामधल्या दोघांनी नंतर त्यांना काम दिलं, बाकीच्यांनी तोवर पुण्याहून कुणाला तरी आणलं होतं.

तांबडीचं रक्त दोनदा तपासलं, दोन्ही वेळा स्वच्छ. त्या गोठ्यात आधी आजारी गाय होती, तरी तिला काही झालं नव्हतं, हे काकीचं नशीब. लाल खूण मॅडमनी माझ्यासमोर काढली. मी काकीकडं गेलो, दुपारी, आळी झोपलेली असताना. ती वेळ मी मुद्दाम निवडली होती. पाया पडलो. म्हणालो, मीच बोललो होतो, त्योच बिल्ला राहू दे म्हणून. चुकलो.

ती शेणी थापत होती. हात थांबवले नाहीत.

"तवा चार माणसं हुती हितं," ती म्हणाली. "आता कुठं हायती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर रांग लागली असताना मी ते सगळ्यांसमोर बोललो. नीट बोलता आलं नाही. मध्येच मशीन कसं चुकतं ते सांगायला लागलो, मग स्वतःलाच थांबवलं आणि परत सुरुवात केली. रांगेतले लोक किटल्यांच्या झाकणांकडं बघत होते. काकी त्यात नव्हती. ती दुसऱ्या केंद्रावर दूध घालायला लागली आणि अजून तिथंच घालते. तांबडीला हौदावर पाणी मिळतं, पण तिचं पिऊन झालं की काही बाया हौदात बादली बुडवत नाहीत, नळ सोडतात.

पण पाया पडलो त्या दिवशी काकीनं मला अजून एक विचारलं होतं. मी उठून निघालो तेव्हा. म्हणाली, "आन माझी काळी कुठं हाय? तिला पिळणारी कोण तरी बाई आसंल की. तिला कुणी सांगिटलं का?"

तीन महिने उलटून गेले होते आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. माझा बिल्ला काकीच्या खुंट्याला राहिला, म्हणजे रोग असलेली गाय बिनबिल्ल्याची, बिनलाल खुणेची, स्वच्छ होऊन बाजारात गेली. तक्त्यात तिच्या नावाची ओळच नाही, तर तिला शोधणार कसं? मी डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, गोठा सांगा, लगेच जातो. गोठा कुणाला माहीत होता?

एकालाच. बाजाराच्या दिवशी इंदापूरला गेलो. हायवेला ट्रक लागले होते, गुरं उतरत होती, आणि तो हेडी एका म्हशीचे दात बघत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं. हो, हळू. पणदऱ्याची काळी, कपाळावर ठिपका, कुणाला दिली? ती आजारी आहे, घेणाऱ्याच्या घरात माणसं आहेत.

तो म्हणाला, "इकली म्हंजी इकली. दुसऱ्याच्या दावणीचा पत्ता कोण ठिवतो, शेठ? तुमच्या कॉम्प्युटरात बघा की."

बाजूचे दोघं हसले. ते हसणं मला लागू होतं, म्हणून मी गिळलं. पण मी पण व्यापारी आहे. त्याच्या बंडीच्या आतल्या खिशातली वही मी तीन वेळा पाहिली आहे, त्याच्याकडून गाय घेताना. गायीचा रंग, शिंगं, कुणाकडून घेतली, कुठल्या वारी, कुणाला दिली, कुठल्या वारी. मॅडमनी मागितलेलं आणि मी खोडलेलं ते मधलं खोकं हा माणूस रोज छातीशी बाळगून फिरतो. त्याला सगळं माहीत आहे. काकीनं गाभ टाकल्याचं सांगितलं होतं, तेही माहीत आहे. पुढच्या घेणाऱ्याला ते त्यानं सांगितलं नसणार, सांगितलं असतं तर आज वही लपवायचं कारण नव्हतं.

मी नंतर दोनदा गेलो. एकदा पैसे देऊ केले, एकदा शिव्या दिल्या. दोन्ही वेळा तोच जबाब.

माझ्या वाट्याचं मी इथं लिहून दिलं आहे, ज्याला पाहिजे त्यानं ते मला तोंडावर विचारावं, मी नाकारणार नाही. आता इंदापूरचे हेडी शेठ, तुमचं बोला. कुठल्या तरी गोठ्यात एक बाई रोज त्या काळीखाली बसते. तिला ताप येऊन जात असेल, ती अंगावर काढत असेल. उद्या गाय व्याली तर तीच हातानं वार काढेल. वही काढा. त्या महिन्याचं पान उघडा, आणि गाय कुणाच्या दारात बांधली ते नाव मला नाही तर डॉक्टरांना सांगा. बाजारात सांगा, चार माणसांसमोर सांगा. नाव सांगा.